तलवार घेऊन लगेच परत देणारा माणूस : अँग्लिकन बिशप म्हणजे नेमका कोण?

इंग्लंडच्या ईशान्येला टीज नावाची नदी वाहते आणि क्रॉफ्ट या गावी तिच्यावर एक जुना दगडी पूल आहे. डरहॅमचा नवा बिशप आपल्या हद्दीत पहिल्यांदा पाऊल टाकतो, तेव्हा या पुलावर त्याच्या हातात एक तलवार ठेवली जाते. तेराव्या शतकातली, रुंद पात्याची ही तलवार कॉनियर्स नावाच्या घराण्याची. या घराण्यातल्या एका वीराने माणसं खाणारा एक भयंकर सर्प याच तलवारीने मारला, अशी तिकडची दंतकथा. सॉकबर्न गावची जमीन कॉनियर्स घराण्याकडे राहिली ती एका अटीवर: प्रत्येक नव्या बिशपला ही तलवार नजर करायची. आपल्याकडच्या वतनदारीशी थोडी जरी ओळख असेल तर हा प्रकार लगेच कळेल. बिशप तलवार हातात घेतो, देणाऱ्याला दीर्घायुष्य चिंततो आणि लगेच ती परत करतो. १८२६ साली विल्यम व्हॅन मिल्डर्ट या बिशपसाठी हा विधी झाला आणि मग बंद पडला. १९८४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

धर्मगुरूला तलवार कशाला? आणि घेतली तर लगेच परत का करायची? अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, बिशपचा चौदाशे वर्षांचा इतिहास या दोन प्रश्नांत बराचसा मावतो. म्हणून डरहॅमचा हात धरूनच पुढे जाऊ.

आधी शब्द. ‘बिशप’चं मूळ ग्रीक ‘एपिस्कोपोस’ या शब्दात आहे. ‘एपि’ म्हणजे वरून, ‘स्कोपोस’ म्हणजे पाहणारा. मराठी बायबलात या पदासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द येतो आणि तो किती चपखल आहे हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. अधि अधिक अक्ष, म्हणजे वरून डोळा ठेवणारा. सभेत हार घालून बसवलेल्या अध्यक्षाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडचे कॅथलिक ‘धर्माध्यक्ष’ म्हणतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत सरळ ‘बिशपसाहेब’.

बिशपची खुर्ची म्हणजे ‘कॅथेड्रा’. ती ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल. चर्च कितीही मोठं असो, खुर्ची नसेल तर ते कॅथेड्रल नव्हे. आपल्या ‘गादी’सारखंच हे. मठाची गादी म्हणताना आपण कापसाच्या गादीबद्दल बोलत नसतो, तसंच इथे खुर्चीचं. आणि या गादीखालचा मुलूख म्हणजे डायोसिस. हा शब्द मुळात चर्चचा नाहीच, रोमन साम्राज्याच्या महसुली कारभारातला आहे. साम्राज्य गेलं, शब्द चर्चने ठेवून घेतला. कारभाराची उतरंडही आपल्याला ओळखीची वाटावी अशी आहे: गावपातळीवर पॅरिश, काही पॅरिश मिळून डीनरी, त्यावर आर्चडीकनरी आणि सगळ्यांवर डायोसिस. गाव, मंडळ, तालुका, जिल्हा म्हणा हवं तर. चर्च ऑफ इंग्लंडच्या अशा ४२ डायोसिस आहेत. त्यांतल्या ३० कँटरबरीच्या आर्चबिशपच्या प्रांतात, १२ यॉर्कच्या.

ज्याच्या नावावर स्वतःची डायोसिस आहे तो डायोसिसन बिशप. त्याच्या हाताखाली मदतनीस बिशप असतात, त्यांना सफ्रगन म्हणतात. बिशप म्हणून दोघांचा अभिषेक एकच, पण गादी एकाचीच. डरहॅमला असा मदतनीस आहे जॅरोचा बिशप. हे पद १९०६ मध्ये निर्माण झालं.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली कल्पना. चर्चमध्ये सेवेच्या तीन पायऱ्या: डीकन (सेवक), प्रीस्ट (धर्मगुरू) आणि बिशप. डीकनला आणि प्रीस्टला दीक्षा देण्याचा अधिकार फक्त बिशपचा. आणि बिशपला बिशप कोण करतं? दुसरे बिशप, त्याच्या डोक्यावर हात ठेवून. इ. स. ३२५ च्या निकाया परिषदेने नियम घातला की हात ठेवायला किमान तीन बिशप हवेत. त्या तिघांच्या डोक्यावर आधी कोणी तरी हात ठेवलेले, त्यांच्याही आधी कोणी तरी; ही साखळी थेट येशूच्या प्रेषितांपर्यंत जाते, अशी श्रद्धा. गुरुपरंपरा ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. साखळीतली प्रत्येक कडी इतिहासाला सापडते का, हा प्रश्न वेगळा. तो विचारणारे चर्चच्या आतही पुष्कळ आहेत.

डरहॅमची गादी मुळात डरहॅमला नव्हतीच. दक्षिणेत ५९७ साली रोमहून पोपने पाठवलेला ऑगस्टीन कँटरबरीला उतरला. उत्तरेत मात्र धर्म आला तो दुसऱ्या वाटेने. ६३५ साली राजा ओस्वाल्डच्या बोलावण्यावरून स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावरचा भिक्षू एडन आला आणि त्याने लिंडिसफार्न या बेटावर मठ घातला. भरतीच्या वेळी हे बेट मुख्य भूमीपासून तुटतं. तिथल्या बिशपांना ना वाडा होता, ना शिपाई. एडन पायी फिरायचा. त्याच गादीवर ६८५ मध्ये कथबर्ट आला. दोनच वर्षांत त्याने देह ठेवला, तोही फार्न नावाच्या एकाकी बेटावर, पण उत्तरेचा सर्वांत लाडका संत होऊन. ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लिंडिसफार्न लुटलं. पुढे ८७५ च्या सुमारास भिक्षू कथबर्टची शवपेटी खांद्यावर घेऊन निघाले. काही वर्षं वणवण, मग चेस्टर-ली-स्ट्रीट इथे शंभरहून अधिक वर्षं मुक्काम आणि ९९५ मध्ये डरहॅम. क्रिकेटवाल्यांना चेस्टर-ली-स्ट्रीट माहीत असेल; बेन स्टोक्सच्या डरहॅम काउंटीचं मैदान तिथेच आहे. गादी म्हणजे खुर्ची, हे मी वर म्हटलं खरं. पण डरहॅमपुरतं बोलायचं तर गादी म्हणजे एक शवपेटी होती. ती जिथे टेकली तिथे बिशप बसला.

मग १०६६ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरून नॉर्मन आले, त्यांनी इंग्लंड जिंकलं आणि गोष्ट बदलली.

त्यांच्या विल्यम राजापुढे अडचण होती. लंडनपासून डरहॅम फार दूर, वर स्कॉटलंडची धुमसती सरहद्द आणि मधले लोक बंडखोर. तिथे एखाद्या सरदाराला मुलूख दिला तर दोन पिढ्यांत तो स्वतंत्र राजा होऊन बसणार. मराठी वाचकाला याचं उदाहरण द्यायला नको. सरंजाम वंशपरंपरेने दिले की काय होतं ते आपल्या इतिहासात पानोपानी आहे. बिशपचा फायदा असा की त्याला औरस वारस नसतो. तो मेला की जागा रिकामी, नवा माणूस राजा ठरवणार आणि मधल्या काळातलं उत्पन्न राजाच्या खजिन्यात. म्हणून सरदाराची सत्ता धर्मगुरूच्या हातात द्यायची, अशी ही युक्ती.

पहिला प्रयोग फसला. वॉल्चर नावाच्या बिशपकडे नॉर्थंब्रियाचं सरदारपदही आलं आणि १०८० मध्ये गेट्सहेडला जमावाने त्याला ठार मारलं. पण व्यवस्था टिकली, वाढली. डरहॅमच्या बिशपची स्वतःची न्यायालयं झाली, स्वतःची टांकसाळ, स्वतःचं सैन्य उभारण्याचा हक्क. गुन्हेगाराला माफी द्यायची की नाही हेही तोच ठरवी. त्याला नाव पडलं ‘प्रिन्स बिशप’. बाराव्या शतकाच्या तोंडावर रॅनल्फ फ्लँबार्ड हा माणूस या गादीवर होता. तो मूळचा राजाचा वसुली अधिकारी. बिशपांच्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवून उत्पन्न राजाकडे वळवण्यात पटाईत. राजा बदलला तेव्हा नव्या राजाने त्याला लंडनच्या टॉवरमध्ये कोंडलं आणि ११०१ मध्ये हा गडी दोरावरून उतरून पळाला. दारूच्या पिंपातून दोर आत आणला होता म्हणतात. टॉवरमधून निसटलेला हा पहिला कैदी एक बिशप असावा, याची मला नेहमी गंमत वाटते. पुढे तो डरहॅमला परतला आणि १०९३ मध्ये सुरू झालेलं आजचं भव्य कॅथेड्रल बहुतांश त्याच्याच काळात उभं राहिलं.

तेराव्या शतकाच्या शेवटी अँटनी बेक हा बिशप फौज घेऊन स्कॉटलंडच्या लढाईत उतरला. त्याच्या कारभाऱ्याचं एक बोलणं प्रसिद्ध आहे: इंग्लंडमध्ये राजे दोन, एक मुकुट घालणारा इंग्लंडचा आणि दुसरा मायटर घालणारा डरहॅमचा. मायटर म्हणजे बिशपची ती उंच, दोन टोकांची टोपी. चौदाव्या शतकात टॉमस हॅटफिल्डने कॅथेड्रलमध्ये स्वतःची खुर्ची इतकी उंच बांधून घेतली की ख्रिस्ती जगात याहून उंच बिशपासन नाही असं सांगतात. त्याच बांधकामाच्या खालच्या भागात त्याने आपली कबरही करून ठेवली. खाली कबर, वर गादी. त्याला विनोदबुद्धी होती की नव्हती, कळायला मार्ग नाही.

या सत्तेला पहिला मोठा तडा दिला आठव्या हेन्रीने. १५३४ मध्ये त्याने पोपशी संबंध तोडून चर्चचं प्रमुखपद स्वतःकडे घेतलं. बिशप निवडण्यासाठी त्याने जी पद्धत कायद्याने घातली तिला दाद द्यावी लागेल. कॅथेड्रलच्या धर्मगुरूंना राजाकडून परवानापत्र जायचं: तुम्ही मोकळेपणाने बिशप निवडा. सोबत दुसरं पत्र: निवडायचा तो अमुक. दुसऱ्या कोणाला निवडलं तर मालमत्ता जप्त आणि तुरुंग. या शिक्षा १९६७ मध्ये कायद्यातून निघाल्या. दोन पत्रं मात्र अजून जातात!

हेन्रीने डरहॅमकडून माफीचा आणि न्यायाधीश नेमण्याचा हक्क काढून घेतला. तेव्हाच्या बिशपची, कथबर्ट टन्स्टलची, कहाणी त्या काळाच्या सगळ्याच बिशपांची म्हणता येईल. राजा बदलेल तसा धर्म बदलत होता. टन्स्टल हेन्रीच्या हाताखाली निभावला, पण हेन्रीचा मुलगा एडवर्ड याच्या काळात पदावरून गेला. नंतर तर १५५३ मध्ये पार्लमेंटने डरहॅमची डायोसिसच कायद्याने मोडीत काढली. पोपला मानणारी मेरी राणी आली, डायोसिस परत, टन्स्टलही परत. १५५९ मध्ये नव्या राणीला, एलिझाबेथला, चर्चची प्रमुख मानण्याची शपथ घ्यायला त्याने नकार दिला, पुन्हा पद गेलं आणि त्याच वर्षी पंच्याऐंशीच्या घरात नजरकैदेत तो वारला. ज्यांनी शपथा घेतल्या त्यांची परंपरा म्हणजे आजचं अँग्लिकन चर्च: पोपला न मानणारं, पण बिशप आणि डोक्यावर हात ठेवण्याची साखळी मात्र न सोडणारं. स्कॉटलंडच्या आणि जिनिव्हाच्या सुधारकांनी बिशप हे पदच रद्द केलं. इंग्लंडनेही १६४६ मध्ये, यादवी युद्धात, ते करून पाहिलं. डरहॅमचं कॅथेड्रल १६५० मध्ये स्कॉटिश युद्धकैद्यांचं तुरुंग झालं आणि शेकडो माणसं तिथे उपासमारीने आणि रोगाने मेली. १६६० मध्ये राजा परतला, त्याच्या मागोमाग बिशपही.

सतराव्या शतकातली एकच गोष्ट सांगून पुढे जातो, कारण ती शाळेच्या पुस्तकात बिशपांच्या बाजूने लिहिलेली असते. १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्स राजाचं फर्मान चर्चमधून वाचून दाखवायला सात बिशपांनी नकार दिला, टॉवरमध्ये गेले आणि ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. लंडनभर होळ्या पेटवून लोकांनी आनंद केला. हे खरंच आहे. पण डरहॅमचा बिशप नथॅनिएल क्रू त्या सातांत नव्हता. तो राजाच्या बाजूला होता.

लोकांचं प्रेम कायम टिकलं नाही. ८ ऑक्टोबर १८३१ रोजी मतदानाचा हक्क वाढवणारं सुधारणा विधेयक उमरावांच्या सभागृहात पडलं, तेव्हा २१ बिशपांनी विरोधात मत दिलं होतं. महिना संपायच्या आत ब्रिस्टलमध्ये दंगल झाली आणि तिथल्या बिशपचा वाडा जमावाने जाळला. चर्चच्या उत्पन्नाची सरकारी चौकशी झाली तेव्हा आकडे बाहेर आले: डरहॅमच्या बिशपला वर्षाला सुमारे १९ हजार पौंड, त्यात कोळशाच्या खाणींचा मोठा वाटा, तर वेल्समधल्या लँडॅफच्या बिशपला हजारसुद्धा नाहीत. पद एक, मिळकत वीसपट. १८३६ च्या कायद्याने हे सपाट करायला सुरुवात केली. डरहॅमला ८ हजार ठरवून दिले आणि उरलेला पैसा गरीब डायोसिसकडे वळवला.

तलवार घेणारा तो व्हॅन मिल्डर्ट या चौकशीच्या काळात अजून पदावर होता. वारं कुठे चाललंय हे त्याला कळलं होतं. १८३२ मध्ये त्याने डरहॅम विद्यापीठाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि आपला किल्ला विद्यापीठाला देऊ केला. १८३६ च्या फेब्रुवारीत तो वारला. त्याच वर्षी कायद्याने डरहॅमचे उरलेसुरले राजेपणाचे अधिकार राजसत्तेकडे गेले. शेवटचा प्रिन्स बिशप तो.

तलवार गेल्यावर या पदात काय उरतं, याचं उत्तर मला १८९२ सालात सापडतं. ब्रुक फॉस वेस्टकॉट हे केंब्रिजमध्ये ग्रीक नव्या कराराच्या संहितेवर आयुष्य घालवलेले विद्वान. साठी उलटल्यावर डरहॅमचे बिशप झाले. मजुरी कपातीवरून डरहॅमच्या खाणकामगारांचा संप जवळजवळ तीन महिने चालला. मालक हटेनात, कामगार हटेनात, घरोघर उपासमार. वेस्टकॉटना कोणावरही हुकूम चालवता येत नव्हता. त्यांनी दोन्ही बाजूंना ऑकलंड कॅसल या आपल्या राहत्या घरी बोलावलं, वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि स्वतः मध्ये फिरत राहिले. कपात मालक मागत होते त्याहून कमी ठरली आणि संप मिटला. त्यांच्या आधीच्या कोणत्याही सशस्त्र बिशपला हे जमलं नसतं, असं माझं मत. ज्याच्या हातात काही नसतं त्याच्याच घरी दोन्ही बाजू यायला तयार होतात.

आजचा डायोसिसन बिशप काय करतो? कामं तीन महत्त्वाची. डीकन आणि प्रीस्टना दीक्षा देणं. बाप्तिस्मा झालेल्यांचं दृढीकरण करणं, म्हणजे मोठेपणी स्वतःच्या तोंडाने श्रद्धा सांगणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणं. आणि प्रत्येक पॅरिशला धर्मगुरू नेमून देणं. या तिसऱ्या कामात बिशप एक वाक्य उच्चारतो ते मला सगळ्या पदाचं सार वाटतं. नव्या धर्मगुरूच्या हाती अधिकारपत्र देताना तो म्हणतो, या लोकांच्या आत्म्यांची काळजी स्वीकार, ती तुझीही आहे आणि माझीही. म्हणजे डायोसिसमधल्या प्रत्येक गावाचा पाळक तत्त्वतः बिशपच. गावातला धर्मगुरू त्याच्या वाट्याचं काम त्याच्यासोबत करतो. बिशपच्या हातातली आकडेवाली काठी धनगराच्या काठीवरून आली ती याच अर्थाने.

आता त्याला काय करता येत नाही ते पाहा. कॅथेड्रलमध्ये खुर्ची त्याची, पण घर डीनचं, म्हणजे कॅथेड्रलच्या प्रमुख धर्मगुरूचं. तिथली उपासना, नोकरचाकर, पैसा हे सगळं डीन आणि त्याचं मंडळ पाहतं. अनेक पॅरिशांत धर्मगुरूचं नाव सुचवण्याचा हक्क एखाद्या कॉलेजकडे किंवा जुन्या घराण्याकडे असतो. चर्चमधला बाक हलवायचा, खिडकी बदलायची, तर परवानगी देतो चॅन्सेलर नावाचा न्यायाधीश. त्याला नेमतो बिशप, पण त्याने निकाल काय द्यायचा हे बिशप सांगू शकत नाही. धर्मगुरूला मनात आलं म्हणून काढता येत नाही. आणि पैशाचे, धोरणाचे निर्णय सिनॉड या प्रतिनिधी सभेत होतात, जिथे धर्मगुरू आणि सामान्य सभासद मतदानाला बसलेले असतात.

सिनॉडची ताकद कळण्यासाठी २० नोव्हेंबर २०१२ चा दिवस पाहावा. स्त्रियांना बिशप करण्याचा कायदा मतदानाला आला होता. राष्ट्रीय सिनॉडच्या तिन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत हवं होतं. बिशपांमध्ये ४४ विरुद्ध ३. धर्मगुरूंमध्ये १४८ विरुद्ध ४५. सामान्य सभासदांमध्ये १३२ विरुद्ध ७४. सहा मतं कमी पडली आणि कायदा फेटाळला गेला. जवळजवळ सगळ्या बिशपांना हवी असलेली गोष्ट सहा मतांनी पडली! तेव्हा डरहॅमच्या गादीवर जस्टिन वेल्बी होते आणि कँटरबरीसाठी त्यांचं नाव आधीच जाहीर झालं होतं. कायदा शेवटी २०१४ मध्ये झाला. जानेवारी २०१५ मध्ये लिबी लेन पहिल्या स्त्री बिशप झाल्या, पण सफ्रगन म्हणून. पहिल्या डायोसिसन स्त्री बिशप त्याच वर्षी ग्लॉस्टरच्या रेचल ट्रीविक. (न्यूझीलंडमधल्या डनीडिन डायोसिसने हे १९९० मध्येच केलं होतं.) वेल्बींना १२ नोव्हेंबर २०२४ रोजी आर्चबिशपपदाचा राजीनामा जाहीर करावा लागला. चर्चशी संबंधित एका अत्याचारी माणसाविरुद्धची तक्रार २०१३ मध्ये कळूनही तिचा पुरेसा पाठपुरावा झाला नाही, असा ठपका चौकशी अहवालाने ठेवला होता. वरून डोळा ठेवणाऱ्याने डोळा ठेवला नाही, ही या पदावरची सर्वांत जड तक्रार. पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जागी सारा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या मूळच्या परिचारिका, इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी राहिलेल्या.

नेमणूक आज कशी होते? डायोसिस रिकामी झाली की चौदा मतदारांची समिती बसते: दोन आर्चबिशप, राष्ट्रीय सिनॉडने निवडलेले सहा आणि त्या डायोसिसचे सहा. दोन तृतीयांश मतं पडली तर नाव पंतप्रधानांकडे, तिथून राजाकडे. २००७ पर्यंत दोन नावं जायची आणि पंतप्रधानांना निवडीला वाव असायचा. आता एकच जातं आणि ते पुढे सरकतं. मतं जुळली नाहीत तर गादी रिकामीच राहते. अलीकडे कार्लाइल आणि इली इथे असं झालं. नाव ठरल्यावर हेन्रीची ती दोन पत्रं, मग अभिषेक, मग राजापुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ, मग कॅथेड्रलचा दरवाजा काठीने ठोठावून प्रवेश. सत्तराव्या वर्षी निवृत्ती. एक गमतीचा मान असा की सही करताना आडनाव गळून डायोसिसचं लॅटिन नाव येतं. डरहॅमच्या गादीवर असताना वेल्बी ‘जस्टिन डनेल्म’ होते.

पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात २६ बिशप अजून बसतात. कँटरबरी, यॉर्क, लंडन, डरहॅम आणि विंचेस्टर या पाच गाद्यांना जागा आपोआप, बाकीच्या मुख्यतः ज्येष्ठतेने. १८४७ मध्ये मँचेस्टरची नवी डायोसिस झाली तेव्हाच ठरलं की डायोसिस वाढल्या तरी सभागृहातले बिशप वाढणार नाहीत. एका धर्माच्या एका पंथाला कायदेमंडळात राखीव बाकं असावीत हे मला पटत नाही. पण १९४४ मध्ये, ऐन युद्धात, जर्मन शहरांवर सरसकट बॉम्ब टाकण्याला याच सभागृहात उभं राहून चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी विरोध केला होता, हेही विसरता येत नाही.

हे सगळं आपल्याकडे आलं ते कंपनी सरकारच्या जहाजातून. १८१३ च्या सनदेनुसार १८१४ मध्ये कलकत्त्याला बिशप आला, टॉमस मिडलटन. त्याची डायोसिस इतकी अवाढव्य की पुढे काही वर्षं ऑस्ट्रेलियाही तिच्यातच मोडत होता. पण या बिशपने भारतीयांना दीक्षा दिली नाही. आपल्या नेमणुकीच्या राजपत्रात तसा अधिकार लिहिलेला नाही, असं त्याचं म्हणणं. प्रेषितांपासून चालत आलेला हात राजाच्या कागदापाशी अडला. त्याच्यानंतर आलेल्या रेजिनल्ड हीबरने १८२४ मध्ये क्रिस्टियन डेव्हिड या तमिळ उपदेशकाला दीक्षा दिली, तेव्हा ती गाठ सुटली.

मुंबईला बिशप आला १८३७ मध्ये, म्हणजे डरहॅमचं राजेपण संपल्यावर वर्षभराने. पहिले बिशप टॉमस कार. फोर्टातलं सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडलं होतं; बिशपची खुर्ची आली आणि त्याचं कॅथेड्रल झालं. रोज लाखो लोक ज्या चर्चगेटला उतरतात, त्या नावातलं चर्च हेच. कोटाचा त्याच्या बाजूचा दरवाजा तो चर्चगेट. पुढे नागपूरची डायोसिस १९०३ मध्ये झाली, नाशिकची १९२९ मध्ये. या सगळ्यांच्या वर कलकत्त्याचा मेट्रोपॉलिटन, म्हणजे प्रमुख बिशप. १९१९ ते १९४५ या काळात त्या गादीवर होते फॉस वेस्टकॉट, म्हणजे खाणकामगारांचा संप मिटवणाऱ्या डरहॅमच्या बिशपचे चिरंजीव. पहिले भारतीय अँग्लिकन बिशप मात्र व्ही. एस. अझरिया, १९१२ मध्ये कलकत्त्याला त्यांचा अभिषेक झाला आणि तेलुगू मुलखातली दोर्नाकलची डायोसिस त्यांच्याकडे आली. १९३० मध्ये भारतातलं चर्च इंग्लंडच्या राजसत्तेपासून कायद्याने वेगळं झालं आणि बिशप निवडणं इथल्या लोकांच्या हाती आलं.

महाराष्ट्रातल्या सगळ्याच प्रोटेस्टंटांना बिशप होते असं मात्र नाही. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत हे पदच नव्हतं. मंडळी आपला पाळक आपण बोलावत असे. म्हणून वेगवेगळ्या चर्चना एक करायचं ठरलं तेव्हा घोडं अडलं ते बिशपपाशीच. बिशपच्या हाताची दीक्षा ज्यांना नाही त्यांना अँग्लिकनांनी खरे धर्मगुरू मानायचं का? आणि वीस-तीस वर्षं सेवा केलेल्या पाळकांनी पुन्हा दीक्षा का घ्यायची? वाटाघाटी कित्येक वर्षं चालल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा त्यावर काढलेला तोडगा असा: निरनिराळ्या चर्चच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे. बिशप नसलेल्यांनी बिशपच्याही डोक्यावर. या हातांनी कोणाला नेमकं काय मिळालं, दीक्षा की नुसता आशीर्वाद, हे प्रार्थनेत मुद्दाम सांगितलेलं नव्हतं. ज्याला जे कमी असेल ते देवाने द्यावं, एवढंच मागितलं होतं.